गळकं भांडं मोडीत घालण्याआधी

भांडं गळतंय हे सगळ्यांत आधी चुलीला कळतं. विस्तवावर थेंब पडतो, चुर्र होतं, वाफेची बारीक रेघ बाजूने वर येते. मग भगुनं उतरवायचं, आतलं ओतून घ्यायचं, उन्हाकडे धरून आत डोकवायचं. बुडाला टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसतो. तेवढ्याशा उजेडापायी गेल्या पन्नास-साठ वर्षांत आपल्या भागातल्या घराघरांतून पितळेची पातेली, तांब्याच्या घागरी, जाड जर्मनची (अ‍ॅल्युमिनियमची) भगुनी किलोच्या भावाने मोडीत गेली. त्यांतली बरीचशी घरच्या घरी, मूठभर साहित्यात दुरुस्त होण्यासारखी होती. ही पुस्तिका ती दुरुस्ती सांगण्यासाठी लिहिली आहे, आणि ती कुठे करू नये हेही सांगण्यासाठी.

आपला भाग म्हणजे खजुरीचा परिसर. खजुरी हे आळंद तालुक्यातलं, उमरग्याच्या रस्त्यावरचं गाव. गाव सोडलं की थोड्याच अंतरावर महाराष्ट्र लागतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा पट्टा हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, गुलबर्गा (आताचा कलबुर्गी) जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि उस्मानाबाद मुंबई राज्यात. बिदर जिल्ह्याचे तर दोन भाग झाले. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके मराठवाड्यात राहिले. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत, आणि लेकीबरोबर भांडी जातात. म्हणून खजुरीच्या माळ्यावर सोलापूरच्या बाजारातला हंडा सापडतो, निलंग्याकडची परात सापडते, कलबुर्गीत घेतलेली बिंदगी सापडते. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं असतं, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. आहेर कुणाचा, साल कोणतं, हे त्या काठावर वाचता येतं.

ही भांडी घडवणारे आणि सांधणारे हात याच मुलखातले. निलंगा तालुक्यात कासार शिरसी आणि कासार बालकुंदा ही गावं आहेत. दोन्ही १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होती. पांचाळांची घरं सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि लोहारकाम, कासारकाम, सुतारकाम, सोनारकाम ही कामं पांचाळ आपली मानतात. बिदर शहराचं नाव तर धातूच्या कामामुळेच जगभर गेलं. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेल्या भांड्यावर चांदीची तार ठोकायची आणि मग बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या मिश्रणाने ते भांडं काळं करायचं, ही बिदरी कामाची रीत. त्या कामासाठी शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, याचा या भागातल्या प्रत्येकाला अभिमान वाटतो. पण तोच नवसागर पिशवीत घालून, खांद्यावर भाता घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कल्हईवाल्याची नोंद कुठे झाली नाही. बिदरी सुरई कपाटात राहते. रोजचं वरण ज्यात शिजलं ते पातेलं कल्हईवाल्याने राखलं. कारागिरीचा इतिहास लिहिताना आपण दुरुस्ती करणाऱ्याला नेहमी वगळतो. ती चूक या पुस्तिकेपुरती तरी दूर व्हावी अशी इच्छा आहे.

आपल्या घरात धातू तीन लाटांनी आला. आधी तांबं, पितळ, कासं आणि लोखंड. मग जर्मन, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. हा धातू स्वस्तात काढण्याची रीत अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी १८८६ साली वेगवेगळी शोधली. बारा वर्षांतच, १८९८ मध्ये, मद्रासच्या कला विद्यालयात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी करून घ्यायला सुरुवात केली. हलकं, स्वस्त, कल्हईची गरज नाही. गरिबाच्या घरात ते आलं आणि राहिलं. तिसरी लाट स्टीलची. ती आली तेव्हा पितळ द्यायचं आणि स्टील घ्यायचं असा सौदा दारोदार होऊ लागला. त्याआधी १९७२ च्या दुष्काळाने बरीच भांडी बाजारात नेली होती. उरलेली स्टीलने नेली. कल्हईवाल्याच्या फेऱ्या कमी झाल्या, आणि घरात एखादं पितळी पातेलं गळू लागलं की ते घेऊन जायचं कुठे हेच कळेनासं झालं. मोड देणं त्यापेक्षा सोपं होतं.

भांडं गळतं का, हे कळल्याशिवाय दुरुस्ती टिकत नाही. म्हणून इथे जरा थांबतो.

घासून घासून बूड पातळ होतं, हे खरं, पण ते एकच कारण नव्हे. जुनी घागर एका पत्र्याची नसते. वरचा आणि खालचा भाग वेगळा घडवून पोटावर सांधलेला असतो. त्या सांध्याला दाते पाडून ते एकमेकांत बसवतात आणि वरून पितळेची झाळ देतात. घागर विहिरीच्या कठड्यावर आपटली की पहिला धक्का या सांध्याला बसतो. पत्रा धड असतो आणि सांधा पाझरतो. बाहेरून हिरवट ओळ दिसली की पाझर तिथेच आहे असं समजावं.

पितळेची दुसरी व्याधी आतून लागते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खारट किंवा आंबट पाणी वर्षानुवर्षं साठवलं तर जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतं ते सच्छिद्र, लालसर तांबं. पिवळ्या पातेल्याच्या बुडाला आतून लाल डाग दिसले आणि घासूनही जात नसले, तर ते डाग नव्हेत. तिथला धातू पोकळ झाला आहे. तिथे पाणी थेंबाने पडत नाही, नुसतं बाहेरून ओलसर होतं.

तिसरी व्याधी आपल्या घरांच्या रचनेशी निगडित आहे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करात पावसाळ्यात तबेल्याजवळ साठवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि ठोकून घडवलेल्या पितळेत अडकून राहिलेला ताण, या तिघांच्या मेळाने पितळ चिरतं, हे १९२१ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. आपल्याकडे गोठा आणि राहतं घर एका भिंतीचं. गोठ्यालगतच्या खोलीत फळीवर पालथी घातलेली पितळी चरवी, कुणी हात न लावता, काठापासून खाली केसासारखी चिरत जाते ती याच कारणाने. पडलेली, पोचा आलेली भांडी जास्त लवकर चिरतात, कारण पोच्यात ताण असतो. पितळ गोठ्यापासून दूर ठेवा, एवढं जरी वाचकांनी या प्रस्तावनेतून उचललं तरी काही भांडी वाचतील.

जर्मनचं दुखणं निराळं. त्याला मीठ आणि राख दोन्ही सोसत नाहीत. राखेत क्षार असतो आणि अ‍ॅल्युमिनियम क्षारात विरघळतं. पितळेला, लोखंडाला पिढ्यान्‌पिढ्या राखेने घासणारे हात जर्मनलाही राखेनेच घासत राहिले. दिसायला भांडं लखलखीत होत गेलं आणि पत्रा झिजत गेला. धुण्याचा सोडाही तेच करतो. त्यात आपल्याकडचं बोअरचं जड पाणी. रोज पाणी तापवलं की बुडाला पांढरा थर बसतो, त्या थराखाली ओल अडकते आणि तिथे खड्डा पडत जातो. असंही होतं की भोक आधीच पडलेलं असतं आणि थराने बुजलेलं असतं. लिंबू-व्हिनेगरने थर काढला आणि भांडं गळू लागलं अशी तक्रार बायका करतात. लिंबाचा दोष नसतो. त्याने फक्त झाकलेलं उघडं केलं.

दुरुस्तीला हात घालण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: धातू कोणता, आणि भांड्यात पुढे काय होणार. पाणी राहणार, वरण शिजणार, की तेल तापणार? पुस्तिकेतलं प्रत्येक प्रकरण या दोन प्रश्नांवर उभं आहे, कारण भोक बुजवणं अवघड नाही. बुजवलेलं टिकेल का आणि पोटात जाणारं अन्न सुरक्षित राहील का, हे ठरवणं अवघड आहे.

तांब्या-पितळेला उत्तम औषध कथील. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं. पितळ वितळायला ९०० अंशांच्या वर जावं लागतं. त्यामुळे भांड्याला धक्का न लावता कथील त्यावर पसरवता येतं. मग प्रश्न येतो की २३२ अंशांना वितळणारा डाख, म्हणजे कथलाचा सांधा, चुलीवर टिकेल कसा? चुलीचा जाळ तर त्याहून कितीतरी तापलेला. उत्तर भांड्यातल्या पाण्यात आहे. पाणी उकळताना १०० अंशांच्या पुढे जात नाही आणि जोवर ते आत आहे तोवर बुडाचा पत्राही फार पुढे जात नाही. डाख दिलेल्या पातेल्यात वरण शिजवा, पाणी तापवा, दूध उकळा, काही होत नाही. पण पाणी आटून भांडं कोरडं तापलं की काही मिनिटांत डाख ओघळतो. तळण तर त्यात करूच नये. तळणीचं तेल १८० अंशांच्या आसपास असतं आणि त्याखालचा पत्रा त्याहून गरम. जुन्या पितळी कढईला भोक पडलं तर ती कथलाने सांधून तळणाला वापरू नये. तिला झाळकाम लागतं आणि ते जाणकार कारागिराचं काम आहे.

आता कथलाचा डाख कसा द्यावा ते जवळून पाहू. भोकाभोवती बोटभर जागा आतून चिंच-मिठाने आणि मग पॉलिश पेपरने इतकी घासायची की पितळ नव्यासारखं पिवळं दिसलं पाहिजे. बोटाचा तेलकटपणाही चालत नाही, म्हणून घासल्यावर तिथे हात लावायचा नाही. भांडं शेगडीवर धरून खालून ताप द्यायचा. पुरेसं तापलं की चिमूटभर नवसागर टाकायचा. लगेच पांढरा धूर निघतो. तापल्यावर नवसागराचा अमोनिया आणि आम्लाची वाफ होते. ती वाफ धातूवरचं न दिसणारं गंजाचं पापुद्रं खाऊन टाकते आणि कथलाला धरायला कोरी जागा मिळते. हा धूर छातीत जाऊ देऊ नये, म्हणून काम अंगणातच, वाऱ्याकडे पाठ करून बसून करावं. मग कथलाची कांडी भोकाच्या काठाला टेकवायची. इथे एक खूण लक्षात ठेवावी: कथील जाळाने वितळता कामा नये, भांड्याच्या तापाने वितळलं पाहिजे. टेकवल्याबरोबर ते पाण्यासारखं पसरलं आणि चकाकलं तर डाख धरला. गोळी होऊन घरंगळलं तर जागा मळकी आहे किंवा ताप कमी आहे. पिवळं-तपकिरी पडलं तर ताप जास्त झाला. पसरलेलं कथील कापसाच्या बोळ्याने भोकावरून एकदा ओढायचं आणि भांडं आपोआप निवू द्यायचं. पाणी ओतून निववू नये.

टाचणीएवढ्या भोकात वितळलेलं कथील स्वतःच्या ताणाने थांबतं, खाली ठिबकत नाही. भोक तुरीच्या दाण्याएवढं असेल तर ते नुसत्या कथलाने बुजत नाही. तांब्याच्या पातळ पत्र्याचं ठिगळ आतून ठेवून त्याच्या काठाने कथील फिरवावं लागतं. चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडावं. हे उलटं वाटतं, पण चीर टोकाच्या अणकुचीपासून पुढे सरकते. टोक गोल केलं की ती तिथेच थांबते. मग चीर आणि दोन्ही भोकं मिळून ठिगळ लावावं.

डाख दिल्यानंतर अन्न शिजवण्याच्या भांड्याला कल्हई हवीच. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, आमटी, चिंचेचं सार कळकतं, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होतं. १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंध नियमांतही कल्हई नीट नसलेली तांब्या-पितळेची भांडी अन्नासाठी अयोग्य ठरवली होती. कल्हई म्हणजे हेच काम, फक्त भोकापुरतं नव्हे तर अख्ख्या आतल्या अंगाला. ज्याला डाख देता आला त्याला लहान तांब्याला कल्हई करता येते. मोठ्या हंड्याला भाता, कोळसा आणि फिरवणारा दुसरा हात लागतो.

आता ज्या गोष्टीसाठी ही प्रस्तावना मुद्दाम लांबवली ती सांगतो. बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीसाठी मिळणारी डाखाची तार बहुधा कथील आणि शिसं यांची असते. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं असलेली तार १८३ अंशांनाच वितळते, पटकन पसरते, शिकाऊ हातालाही जमते. म्हणून ती वापरण्याचा मोह होतो. अन्नाच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला ती कधीही लावू नये. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. पेट्रोलमधलं शिसं आपल्या देशात २००० साली बंद झालं; नळाच्या सांध्यांतलं शिसं अमेरिकेने १९८६ मध्ये बंद केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने बाहेरून आलेल्या काही अ‍ॅल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियम या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या भांड्यांतून शिसं अन्नात उतरू शकतं असा इशारा दिला. हे सगळं असताना आपण आपल्याच हाताने आमटीच्या पातेल्यात शिसं लावणं हा गुन्हा आहे. चिंचेची आमटी शिशाला सोडत नाही; आंबट पदार्थ शिसं ओढून घेतो.

कल्हईच्या कथलातही शिशाची भेळ होते, कारण शिसं कथलापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. ओळखायची जुनी खूण अशी: शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की आतून कुरकुर ऐकू येते. वाकताना आतल्या स्फटिकांची रचना झटक्याने बदलते त्याचा तो आवाज. शिसं मुकं असतं. शिशाने कागदावर पेन्सिलीसारखी राखी रेघ उमटते, चांगल्या कथलाने तशी उमटत नाही. थोडीशी भेळ या खुणांनी पकडता येतेच असं नाही, पण निम्मं-निम्मं मिसळलेला माल सहसा पकडता येतो.

जर्मनला कथील धरत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने क्षणात एक पापुद्रं चढतं. धातू ६६० अंशांना वितळतो, पण ते पापुद्रं २,००० अंशांनाही वितळत नाही. नवसागरानेही ते घरगुती तापात हटत नाही. म्हणून जर्मनला रिबीट मारतात. ही दुरुस्ती मला सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात विस्तव नाही, तेजाब नाही, धूर नाही. हातोडी आणि अंदाज एवढ्यावर ती होते.

आधी भांडं दुरुस्तीच्या लायक आहे का ते पाहायचं. भोकाभोवती पांढरी भुकटी दिसेल. ती खरवडून काढायची आणि दाभणाने आजूबाजूला दाबत जायचं. दाभण सहज आत जात असेल तर बूड कागदासारखं झालं आहे, तिथे रिबीट धरणार नाही. ते भांडं खुशाल मोडीत घालावं. दुरुस्ती म्हणजे हट्ट नव्हे. पत्रा घट्ट असेल तर खिळ्याने किंवा गिरमिटाने भोक मुद्दाम मोठं, तीन मिलिमीटरचं, गोल करायचं. काठाची खरखर कानशीने काढायची. रिबीट अ‍ॅल्युमिनियमचंच हवं. तांब्याचं किंवा लोखंडाचं रिबीट मारलं तर मीठ-पाण्यात दोन धातूंचं जमत नाही आणि रिबिटाच्या भोवतीचं जर्मन आधीपेक्षा लवकर झिजतं. जुन्या भांड्याच्या कानाचं रिबीट काढून वापरता येतं. डोकं आतून, शेपूट बाहेरून, आणि बाहेर राहिलेलं टोक जाडीच्या दीडपट, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या आसपास. आतल्या डोक्याखाली खलबत्त्याचा लोखंडी बत्ता उभा धरायचा आणि बाहेरून हलक्या हाताने, गोल-गोल फिरत ठोकायचं. जोराचा एक घाव टोक वाकवतो. हलके पुष्कळ घाव त्याला छत्रीसारखं उमलवतात. मग भांडं पाण्याने भरून कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवायचं. कागद सुकाच राहिला तर काम झालं. किंचित ओला झाला तर ज्वारीच्या पिठाची दाट आंबील त्यात एकदा खळखळ उकळायची. नव्या मडक्याला पेज पाजतात तीच ही युक्ती. पिठाचे कण बारीक फटीत जाऊन बसतात.

बाकीच्या धातूंचं इथे थोडक्यात सांगतो, पुढे प्रकरणं आहेतच. लोखंडी कढई-तव्याला भोक पडलं तर वेल्डिंगच्या दुकानात न्यावं. स्टीलचं बूड सहसा गळत नाही. कानाजवळ डाग मारलेल्या ठिकाणी गळतं, आणि तेही दुकानातलंच काम. पत्र्याच्या बादलीला, कुंडीला, गुरांच्या पाण्याच्या टाकीला दोन भाग मळून लावायची पुटी चालते. तीच पुटी चुलीवरच्या पातेल्याला लावू नये. ती तापात सुटते आणि तिच्यातली रसायनं अन्नासाठी केलेली नसतात. डांबर, मेण, राळ हे जुने उपायही थंड पाण्यापुरतेच.

कुकरच्या अंगाला मात्र घरी कुणीही हात लावू नये. आत वाफेचा दाब असतो आणि ताप १२० अंशांपर्यंत जातो. गॅस्केट बदला, शिट्टी साफ करा, सेफ्टी व्हॉल्व्ह नवा बसवा. झाकणाला किंवा बुडाला चीर असेल तर तो कुकर त्या दिवसापासून बंद. सेफ्टी व्हॉल्व्हच्या भोकात रिबीट किंवा डाख भरणं म्हणजे स्वयंपाकघरात स्फोटाची सोय करणं. तो व्हॉल्व्ह वेळ आली की वितळून वाफ सोडण्यासाठीच ठेवलेला असतो.

या पुस्तिकेतली माहिती एका माणसाची नाही. डाखाची आणि कल्हईची रीत फिरस्त्या कारागिरांकडून आली आहे. भांडं कधी गळतं, कुठल्या पाण्याने गळतं, कुठली युक्ती किती दिवस टिकते, हे घरातल्या बायांनी सांगितलं आहे, कारण भांड्याशी रोजचा संबंध त्यांचा. धातुशास्त्राची पुस्तकं वाचून त्या दोन्हींचं कारण शोधण्याचा प्रयत्न केला, तेव्हा बहुतेक ठिकाणी बायांचं निरीक्षण बरोबर निघालं. राखेने जर्मन झिजतं हे तर शंभर टक्के. भाषा मुद्दाम इथली ठेवली आहे. भगुनं, बिंदगी, जर्मन, रिबीट हे शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला चार पानं अडतील, मग अडणार नाहीत.

वाचकांना दोन विनंत्या आहेत. ज्यांच्या घरी कल्हईचा भाता, जुनी ऐरण, डाखाची लोखंडी कांब अजून पडून असेल, त्यांनी ती भंगारात देऊ नये. गावात शिकू इच्छिणारा एखादा तरी पोरगा किंवा पोरगी निघतेच, त्यांना द्यावी. दुसरी विनंती पहिल्या डाखाच्या आधीची आहे. कथील घेताना दुकानात ‘शिसं नसलेलं’ असं स्पष्ट सांगून मागा, कांडी तिथेच वाकवून कानाशी धरा, कागदावर ओढून पाहा, आणि मगच पैसे द्या.